आखूड काठी की लांब काठी

धुळ्याला देवपुरात मी खोली बघायला गेलो, तेव्हा घरमालक अंगणात दोन हातांत दोन काठ्या घेऊन उभे होते. भाडेकरूंचा यांना फारच वाईट अनुभव आलेला दिसतो, असं समजून मी फाटकाबाहेरच थांबलो.

"या, या, आत या," ते म्हणाले. "आधी एक सांगा. आखूड की लांब?"

जवळ गेल्यावर दिसलं की त्या मासे धरायच्या काठ्या होत्या. एक साधारण माणसाच्या उंचीची, दुसरी त्याच्या दुप्पट. दोन्हींना रीळ लावलेलं. मला मासेमारीतलं ओ की ठो कळत नव्हतं. लवकर सुटका व्हावी म्हणून मी म्हटलं, "आखूड."

"अच्छा. आता मी लांब काठीची बाजू मांडतो," असं म्हणून त्यांनी मला पायरीवर बसवलं. लांब काठीने गळ दूर जातो. मासा लागला आणि उसळला तर काठीच वाकते, दोरावर ताण येत नाही. मासा झुडपात घुसायला लागला तर लांब काठीने त्याला लांबूनच वळवता येतं. मला ते पटलं. मी म्हटलं, "मग लांबच."

"थांबा. आता आखूड काठीची बाजू."

बाभळीखाली बसलं तर लांब काठी फांद्यांत अडकते. आखूड काठी हाताला हलकी. मासा नुसता नाक लावून गेला तरी तळव्याला कळतं. आणि मुख्य म्हणजे मासा असतो काठाशीच. "या काठावरचे लोक त्या काठाकडे फेकतात, त्या काठावरचे या काठाकडे. मधे नुसता गळांचा पाऊस. मग मासा काय करेल बिचारा? येतो आपला तुमच्या पायाशी."

मला तेही पटलं. तासाभराने मी बाहेर पडलो तेव्हा खोली मिळाली होती, पण धुळ्यात सगळ्यात आधी विचारायची गोष्ट, म्हणजे नळाला पाणी किती दिवसांनी येतं, ती विचारायची राहूनच गेली होती.

माझा धंदा विमा विकायचा. जळगावहून मला धुळ्याला पाठवलं ते तिथे खप वाढवायला. पण माझा एक दोष आहे. मला चटकन पटतं. मी विमा का घ्यावा ते सांगतो, गिऱ्हाईक विमा का नको ते सांगतं, आणि मी चहा पिऊन परत येतो. अशा माणसाला आबांसारखा घरमालक मिळणं म्हणजे उंदराला मांजराच्या घरात खोली मिळण्यासारखं होतं.

त्यांना सगळे आबाच म्हणत. कोर्टात लघुलेखक म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली. या वकिलाचं लिहून घ्यायचं, मग त्या वकिलाचं लिहून घ्यायचं. दोन्ही वकील बोलत असताना आबांना दोघांचंही म्हणणं तंतोतंत बरोबर वाटायचं. "निकाल द्यायचं काम साहेबांचं," ते म्हणत. "आपण फक्त बाजू टिपायच्या." नोकरी संपली, साहेब राहिले कोर्टात, आणि आबा दोन्ही बाजू घेऊन घरी आले.

घराच्या दर्शनी भिंतीवर दोन मोठे ठिपके होते, एक पिस्त्याच्या रंगाचा आणि एक मोतिया. रंगाऱ्याने नमुना म्हणून लावले होते. आबांनी दोन्ही रंगांचा विचार सुरू केला, तेवढ्यात रंगाऱ्याच्या मुलाचं लग्न झालं, त्याला नातू झाला, आणि ठिपके तिथेच राहिले. पार्सलवाले पोरगे पत्ता विचारताना "ते दोन ठिपकेवालं घर" म्हणायचे. भाजी घ्यायला आबा गेले तर भरताची वांगी पाटीवर हारीने मांडून त्यांच्यापुढे बसायचे. शेवटी भाजीवालीच कंटाळून सगळी वांगी पिशवीत ओतत म्हणायची, "आबा, बठ्ठाच लयी जा, पन उठा."

बोलण्याची त्यांची एक गंमत होती. बाजू मांडायची असली की भाषा शुद्ध कोर्टातली. पण मनातलं काही यायचं असलं की अहिराणी. त्यामुळे ते कोणत्या भाषेत सुरुवात करतात यावरून किती वेळ बसावं लागेल याचा मला अंदाज यायचा.

घरात मांसमच्छी शिजत नसे. आबांनी जन्मात मासा खाल्लेला नव्हता. दर रविवारी स्कूटरवर काठी बांधून ते नकाण्याच्या तलावावर जायचे, मासा लागलाच तर त्याला ओल्या फडक्यात धरून कौतुकाने बघायचे, आणि सोडून द्यायचे. त्यांचा आवडता मासा सिप्रनस. जाड ओठांचा, सोनेरी खवल्यांचा, तोंडाशी दोन-दोन मिशा असलेला. तलावावरचा एक म्हातारा कोळी त्यांना नेहमी छेडायचा, "आबा, खास नही त धरस कसाले?"

"पत्ता खेळनारा पत्ता खास का?" आबा विचारायचे.

खरी मजा असायची शनिवारी संध्याकाळी. उद्या कोणती काठी न्यायची, यावर ओसरीत फड रंगायचा. एका बाजूला आबा, दुसऱ्या बाजूला त्यांची मुलगी. तिला घरात आणि गल्लीत ताई म्हणत. ती ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायची. आबा आखूड काठी घेऊन बसले की ताई लांब काठीची बाजू घ्यायची. तरफ कुठे टेकते, जोर कुठे लागतो, हे ती पोळीच्या लाटण्यावर दाखवायची. मग आबा म्हणायचे, "बरं, मला लांब पटली." लगेच ताई फिरायची. "पण आबा, बाभळीचं काय?" आणि पुन्हा पहिल्यापासून. आबांची बायको, म्हणजे अक्का, मधून चहा ठेवून जायच्या आणि जाता जाता माझ्याकडे बघून कपाळाला हात लावायच्या.

मी एकदा भोळेपणाने विचारलं, "आबा, दोन्ही काठ्या का नाही नेत?"

आबांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "दोन्ही नेल्या तर पाण्याशी बसून ठरवावं लागेल. तिथे वाद घालून चालत नाही, भाऊ. मासे बिचकतात."

या भानगडीत रविवारी निघायला ऊन चढायचं. पहाटे येणारे लोक परत निघायचे तेव्हा आबा पोचायचे. तलावावरचे म्हणायचे, आबांना फक्त उशिरा उठणारे मासे ठाऊक आहेत.

अक्कांनी या माणसाबरोबर संसार कसा केला, हे मला दोन-तीन वर्षांत हळूहळू समजलं. त्या त्यांना कधी काही विचारत नसत. सांगत. "फ्रीज येई ऱ्हायना," म्हणजे येतोय, एवढंच. आबा दोन्ही बाजू मांडायला तोंड उघडायचे तोवर हमाल फ्रीज ठेवून पाणी मागत असायचे. पण एक गोष्ट मात्र विचारल्यावाचून होणारी नव्हती, आणि सगळं घर त्याच गोष्टीपाशी अडलं होतं.

ताईचं लग्न.

तिने स्वतःच जमवलं होतं. निवडणुकीच्या ड्युटीवर एका केंद्रावर तिची आणि साक्रीकडच्या एका गुरांच्या डॉक्टरची नेमणूक झाली होती. दिवसभर मतदार कमी आणि माशा जास्त, अशा त्या शाळेत दोघांची ओळख झाली ती टिकली. जातीत बसत होतं, शिक्षण जुळत होतं, मुलगा सरळ होता. खोड काढायला जागाच नव्हती, आणि तीच आबांची पंचाईत होती. तरी ते शोधून काढायचे. "एका बाजूने पाहिलं तर मुलगा उत्तम. पण साक्री म्हणजे डोंगराचा भाग. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर हवा चांगली. पण हवा चांगली म्हणजे दवाखाने लांब." नाही असं ते एकदाही म्हणाले नाहीत. हो असंही म्हणाले नाहीत. पावसाळा गेला, भिजत घोंगडं तसंच.

ताईचं म्हणणं साधं होतं. "पळून जायचं तर कधीच गेले असते. मला आबांचं हो पाहिजे, तेही मनापासून."

मुलाचे वडील मात्र रोखठोक गृहस्थ. त्यांचा अक्कांना फोन आला. "अक्का, दिवाळीपर्यंत तोंड गोड करा. नही त आम्हले दुसरीकडे देखनं पडी. पोऱ्यानं वय काय थांबस का?" अक्का फोन ठेवून स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ नुसत्याच ओट्यापाशी उभ्या राहिल्या. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हे प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं राहिलेलं नाही.

आबांनाही ते कळलं असावं, कारण रात्रीच्या जेवणाला ते एकदम म्हणाले, "रविवारले त्यासले तलाववर बलाव. मी पोऱ्याले देखस तठे."

मुलगी बघायला येतात, पोहे देतात, हे सगळ्यांना माहीत आहे. मुलगा बघायचा आणि तोही तलावाच्या काठावर, हे आमच्या गल्लीत पहिल्यांदाच होत होतं. आबा त्याला काय विचारणार याबद्दल कुणालाही शंका नव्हती. प्रश्न एकच होता, पण त्याचं बरोबर उत्तर काय, हे खुद्द प्रश्न विचारणाऱ्यालाच माहीत नव्हतं. शनिवारभर आम्ही तिघं डॉक्टरांना फोनवरून शिकवत होतो. अक्का म्हणाल्या, "आखूड सांगज्यात. सोपं शे." मी म्हणालो, लांब म्हणा, त्यात शास्त्र आहे. ताई म्हणाली, "काहीही म्हणा, आबा दुसरी बाजू घेणारच. मग तुम्ही तीच बाजू घ्या. मग ते पहिली घेतील." पलीकडून डॉक्टर शांतपणे म्हणाले, "मॅडम, म्हैस अडली तर मला एवढी भीती वाटत नाही."

रविवारी तलावावर ऊन कोवळं होतं. आबा त्या दिवशी चक्क वेळेवर आले होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही काठ्या घेऊन. चादरीवर एका बाजूला अक्का आणि मुलाचे वडील. त्यांना आम्ही नाना म्हणू लागलो होतो. ताई मागे बाभळीशी उभी होती. डॉक्टर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, नव्या बुटांना चिखल लागू न देण्याच्या प्रयत्नात उभे होते. आबांनी दोन्ही काठ्या गवतावर शेजारी शेजारी ठेवल्या.

"सांगा, डॉक्टरसाहेब. आखूड की लांब?"

डॉक्टरांनी ताईकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही. काठ्यांकडे पाहत म्हणाले, "आबा, मला यातलं काही कळत नाही. तुम्ही एक घ्या. राहील ती मी धरतो."

या उत्तराला दुसरी बाजूच नव्हती. आबांनी मिशीला हात लावला आणि एकदम आखूड काठी उचलली. उचलल्याबरोबर स्वतःच दचकले. डॉक्टरांनी मुकाट्याने लांब काठी घेतली. आबांनी तिला गळ-आमिष लावून दिलं, दोर कसा सोडायचा ते दाखवलं, आणि दोघं शेजारी शेजारी बसले. नाना माझ्या कानाशी म्हणाले, "हाई काय चालू शे? पाहानं व्हयनं का नही?"

तेवढ्यात लांब काठीचं टोक पाण्यात गेलं.

मासा मोठा होता. रीळ कुरकुर करत सुटायला लागलं. डॉक्टर उभे राहिले, बूट चिखलात गेले. आबा ओरडले, "काठी खाली ठेव, खाली!" ताई मागून ओरडली, "वर धरा, वर! वाकू द्या तिला!" आबा म्हणाले, "अगं, खाली!" ताई म्हणाली, "आबा, तरफ!" मासा सरळ पाण्यात उतरलेल्या बाभळीच्या मुळांकडे निघाला होता. डॉक्टर एकदा आबांकडे बघत, एकदा ताईकडे, आणि काठी वरखाली करत. आमच्यातल्या कुणाचाही गोंधळ झाला असता. आणि मग त्या माणसाने एक गोष्ट केली. दोन पावलं मागे येऊन काठी ताईच्या हातात दिली. "तुम्हीच घ्या. तुम्हाला येतं."

ताईने पदर खोचला. काठी वर घेतली. ती कमानीसारखी वाकली, मासा मुळांपासून फिरला, पुन्हा गेला, पुन्हा फिरला. आबांचं "खाली" ओठातच राहिलं. ते गुडघाभर पाण्यात उतरले, जाळी घेऊन. मी इतकी वर्षं ऐकलेल्या वादाचा निकाल माझ्या डोळ्यांसमोर लागत होता, पण ते त्या वेळी कुणाच्याच ध्यानात नव्हतं. सगळे मासा बघत होते. आबा मात्र मासा बघत नव्हते. ते ताईकडे बघत होते, आणि तिच्या मागे चिखलाच्या बुटांनी उभ्या राहिलेल्या, तिच्या हातातली काठी परत मागून न घेणाऱ्या डॉक्टरकडे.

मासा जाळीत आला. सिप्रनसच होता, सोन्याच्या ताटासारखा. आबांनी तो पाण्यातच धरून ठेवला आणि वर न बघता विचारलं, "ताई, तुन्हा काय विचार शे?"

"माझं ठरलंय, आबा. पण तुम्ही म्हणाल तेव्हाच."

आबांनी जाळी तिरकी करून मासा सोडला.

"मग हां," ते म्हणाले. "मन्हा हां शे. पन..."

अक्का चादरीवरून कधी उठल्या ते कुणाला दिसलं नाही. या वयात त्या एवढ्या चपळाईने चालतात हे मलाही माहीत नव्हतं. आमच्याकडे मुलीच्या बापाने हो म्हटलं आणि त्याचं तोंड गोड झालं की विषय संपला, मग शब्द फिरवता येत नाही. पण पेढे नव्हते. आज काही ठरेल अशी आशाच कुणी धरली नव्हती, म्हणून पेढे आणलेलेच नव्हते. आबांच्या काठीपाशी एक स्टीलचा डबा होता. त्यात माशांसाठी केलेल्या गोळ्या. भाजलेलं ज्वारीचं पीठ, गूळ, शेंगदाण्याचं कूट, वर बडीशेप. अक्कांनी त्यातली एक उचलली आणि आबांच्या उघड्या तोंडात "पन"च्या पुढे अख्खी सारली.

आबा पाण्यात उभे राहून चघळत राहिले. पीठ टाळूला चिकटलेलं. दोन्ही बाजू तोंडातच अडकल्या.

"नाना, ल्या, तोंड गोड करा!" अक्कांनी डबा तसाच पुढे केला. मी हात आडवा घालणार होतो, पण त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच एक गोळी उचलून खाल्ली. नानांनी एक खाल्ली, मग आणखी एक. "काय झकास शे हो! काय म्हनतस ह्याले?"

"आम्हना आठला, धुळ्याना पदार्थ शे," अक्का म्हणाल्या.

डॉक्टरांनी खाल्ली, ताईने हसू दाबत खाल्ली. पुढे लग्नाच्या पंगतीत नानांनी त्या पदार्थाची आठवण काढली, आणि अक्कांना तो परातभर करावा लागला. साक्रीकडचे पाहुणे अजून त्याचं नाव घेतात. तो मुळात कुणासाठी होता, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

दुपारी नाना आणि डॉक्टर गेले. अक्का आणि ताई चादर झटकत होत्या, हसत होत्या. अक्कांना मी इतकं मोकळं हसताना कधी पाहिलं नव्हतं. आबा पाण्याच्या कडेला एकटेच बसले होते. पँट गुडघ्यापर्यंत ओली. काठ्या आवरायला म्हणून मी जवळ गेलो तर त्यांचे डोळे भरून आलेले दिसले. मी न पाहिल्यासारखं करून दोर गुंडाळायला लागलो.

"भाऊ," ते म्हणाले, "चांगला पोऱ्या शे."

"हो, आबा."

"तिना हातमा काठी दिन्ही त्यानी."

"हो."

तलावावर वारा सुटला होता.

"तुले माहीत शे का, मी कसाले थांबाडेल व्हतं इतले दिवस? पोऱ्यामा काहीच खोट नव्हती." त्यांनी ओल्या पायाने चिखलात रेघ ओढली. "शनिवारले ती बसस ना मन्हा समोर. मी एक बाजू लेस, ती दुसरी लेस. अक्का काय, कशालेबी मान डोलावस नी आपलं खरं करस. आते सांग, मन्हा समोरनी बाजू कोन लेई?"

इतकी वर्षं मी त्या ओसरीत बसून दोन काठ्यांचा वाद ऐकत होतो आणि हसत होतो. तो वाद या माणसाने मुद्दाम मिटू दिला नव्हता. मी म्हणालो, "आबा, मी आहे ना. दर शनिवारी येऊन बसेन. मी घेईन समोरची बाजू."

आबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मायेने पाहिलं, हे खरं.

"तुले जमाव नही, भाऊ," ते म्हणाले. "तुले लगेच पटी जास."

आणि तेही मला लगेच पटलं.